प्रॉम्प्टर

८ नोव्हेंबर २००१

पुरवणीवाल्यांचा फोन. अल्फा मराठीवर उद्यापासून नवी विनोदी मालिका. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकर. दिग्दर्शन केदार शिंदे. आठवड्यातून एकदाच. “दोन-तीन भाग बघा आणि लिहा. सातशे शब्द. जरा खमंग होऊ द्या.”

म्हणजे झोडपून हवंय.

घरातला तह असा : चिरंजीवांची बारावी होईपर्यंत टीव्ही बंद. माझ्या सदरापुरती सूट. आवाजाच्या हिरव्या रेघा पाचाच्या वर जायच्या नाहीत. हॉल आणि त्याची खोली यांच्यामध्ये दार आहे, पण ते पावसाळ्यात फुगलं, अजून लागत नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला भाग. वही मांडीवर.

तीन पिढ्या, एक घर. आबा टिपरे. मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नात शलाका (रेश्मा नाईक), नातू शिऱ्या (विकास कदम). खलनायक नाही. कारस्थान नाही. दागिने घालून झोपणारं कुणी नाही. सगळं झाल्यावर आबा रोजनिशी लिहितात.

मोठ्याने एकदाच हसले. बाकी वेळ नुसताच चेहरा सैल. याचे सातशे शब्द कसे करायचे?

नाना, माझे सासरे, खुर्ची ओढून टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावून बसले होते. अर्धा तास हूं की चूं नाही. संपल्यावर म्हणाले, “मान बघितलीस त्याची?”

१० नोव्हेंबर

मानेचा खुलासा सकाळच्या चहाला. म्हाताऱ्या माणसाला मागून हाक मारली की तो नुसती मान वळवत नाही, खांद्यांसकट वळतो. “हा खांद्यांसकट वळतो. आणि खुर्चीतून उठायच्या आधी हातांनी खुर्ची चाचपतो. लिही हे.”

लिहिलं.

प्रभावळकरांचा जन्म १९४४चा. म्हणजे सत्तावन्न वर्षांचे. नाना सत्त्याहत्तर. मानेतलं त्यांना जास्त कळणार.

संवादांबद्दल मात्र नाना काही बोलले नाहीत. विचारलं, तर “छान होता” म्हणाले आणि पेपर उघडला. कोणता छान होता, ते नाही.

१२ नोव्हेंबर

कात्रणांची फाइल काढली. ‘चिमणराव’ : चिं. वि. जोशींची माणसं, मुंबई दूरदर्शनवर, काळ्या-पांढऱ्यात. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मग ‘हसवाफसवी’, एकट्याने सहा माणसं. ‘चौकट राजा’तला नंदू. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. पोरांसाठी ‘बोक्या सातबंडे’. एवढ्या माणसांतून गेलेला नट आता एका घरात, एका खुर्चीत बसायला आलाय. 

टिपरे मूळचे कागदावरचे. ‘लोकसत्ते’त ‘अनुदिनी’ सदर यायचं, नंतर त्याचं पुस्तक झालं. लिहिणारा आणि साकारणारा एकच. त्याचा फायदा दिसतो : शब्दावर जोर द्यायची घाई नाही. वाक्य आपलंच आहे, पळून जाणार नाही, अशा बेताने टाकतात.

नाना म्हणाले, चिमणराव असायचा तेव्हा अख्खी चाळ एका सेटसमोर. पुढच्या रांगेतली पोरं डोकी हलवायची, मागचे शिव्या घालायचे. “निम्मं दिसायचं नाही. तरी कळायचं सगळं.”

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फटाके नानांना ऐकू येतात. कुकरची शिट्टी नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा भाग. घर पाहुण्यांनी भरलेलं. नणंद, नंदावा, त्यांची दोन मुलं, चकल्यांचा डबा. टिपऱ्यांच्या घरात पाच माणसं बोलत होती, आमच्या घरात आठ. कोण कुणाचं ऐकत होतं देव जाणे.

नणंद : “यात पुढे काय होतं?” पुढे काही होत नाही, म्हटलं. आजचं आज संपतं. तिला ते पटलं नाही. तिचा जीव ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये. तिथे काही संपतच नाही, हेच तिला आवडतं.

नाना दोनदा म्हणाले, “आवाज वाढवा.” नवरा म्हणाला, “बारावी आहे, नाना.” रेघा पाच.

तिसऱ्यांदा नाना बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले.

२१ नोव्हेंबर

पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा दिली. सचिनवर चेंडू कुरतडल्याचा ठपका. सोसायटीत दुसरा विषय नाही. नानांनी पेपर तीनदा वाचला आणि इंग्रजांचं राज्य नव्याने घालवलं.

सदराचा अजून एक शब्द नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरा भाग. चिरंजीव पाणी प्यायला म्हणून उठले ते परत गेलेच नाहीत. नानांच्या खुर्चीच्या हातावर टेकले. बाप ऑफिसातून यायचा होता. मी काही बोलले नाही.

तोंड नानांच्या कानाशी नेऊन हळूहळू काही पुटपुटत होता. आणि नाना हसायला लागले. खांदे हलवून. मग डोळे पुसून. चष्मा काढून.

मला कल्पना सुचली. सदरासाठी हा उत्तम पुरावा. सत्त्याहत्तर वर्षांचा प्रेक्षक कुठे कुठे हसतो, ते मी समासात खुणा करून टिपलं. घड्याळ बघून.

२४ नोव्हेंबर

खुणा तपासल्या. मेळ बसत नाही. जिथे मला हसू आलं तिथे नाना गप्प. जिथे श्यामला नुसती दार उघडते तिथे नाना लोटपोट.

दार उघडण्यात काय होतं?

२५ नोव्हेंबर

नाना सकाळी कट्ट्यावरून लाल होऊन आले. तिथल्या वकिलांशी जुंपली. नानांनी मालिकेतलं एक वाक्य सांगितलं. वकील म्हणाले, असं वाक्य नव्हतंच. बँकेतले निवृत्त गृहस्थही म्हणाले, नव्हतं. डॉक्टरही.

नानांचा निष्कर्ष : “तिघांनाही ऐकू कमी येतं. वय झालं. मान्य करत नाहीत.”

२८ नोव्हेंबर

पुरवणीवाल्यांचा फोन. चार भाग होऊन जाऊ देत, म्हटलं. कुरकुरत हो म्हणाले.

वहीत जुळवाजुळव. आपल्याकडची घरातली विनोदी मालिका कशावर चालत आली? ‘ये जो है ज़िंदगी’ नवरा-बायकोच्या कुरबुरीवर. ‘वागले की दुनिया’ पगार आणि महागाई यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेवर. ‘हम पाँच’ पाच मुली आणि एक बेजार अशोक सराफ. ‘तू तू मैं मैं’ सासू-सुनेच्या जुगलबंदीवर, रीमा आणि सुप्रिया. सगळीकडे दोन बाजू आणि मध्ये खेचली जाणारी दोरी.

टिपऱ्यांकडे दोरी नाही. कुणी हरत नाही. मग हसू कशाचं येतं? प्रत्येक जण दुसऱ्याला कळू नये म्हणून काहीतरी करतो आणि ते सगळ्यांना कळलेलं असतं, त्याचं?

हे लिहिण्यासारखं आहे. उद्या बघू.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा भाग. आज मुद्दाम मोडा घेऊन नानांच्या डाव्या बाजूला बसले. उजव्या कानाशी चिरंजीव.

पडद्यावर आबा काहीतरी साधंच बोलत होते. चिरंजीव नानांच्या कानात : “आबा म्हणतायत, घरात माणसं पाच आणि रिमोट एक. महाभारत याहून कमी भांडवलावर झालं.”

नाना खो खो.

शेखर बोलला. कानात : “मुलगा म्हणतोय, आबा, आता झोपा. आबा म्हणतायत, झोपलोच होतो, तू हे सांगायला उठवलंस.”

नानांना ठसका लागला. पाणी आणायला मीच उठले. स्वयंपाकघरात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसले.

एक वाक्य खरं नव्हतं. एकही. हा मुलगा तोंडं हलताना बघतो आणि शब्द आपले भरतो.

१ डिसेंबर

कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला तर नाहीच. अभ्यासाचा अर्धा तास बुडतोय हे एक, आणि नानांना ऐकू येत नाही हे दुसरं. दुसऱ्याबद्दल या घरात कुणी बोलत नाही. नानांसमोर सगळे थोडं वरच्या पट्टीत बोलतात आणि तसं बोलत नसल्याचं दाखवतात.

रेल्वेत असताना नाना ऑफिसच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. विंगेत टॉर्च घेऊन बसायचे. नटाने वाक्य गाळलं तर पुढचं कुठलं द्यायचं, हे क्षणात ठरवायचं. “प्रॉम्प्टर चुकला तर नाटक पडतं. बरोबर असला तर त्याचं नावही कुणी घेत नाही.” हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय.

नातवानेही ऐकलंय.

४ डिसेंबर

सदर पाठवलं. फॅक्सवाल्याकडे रांग. त्यातला बरा परिच्छेद :

‘आपल्या मालिकांत म्हातारा माणूस एक तर आशीर्वाद देतो, नाही तर मृत्युपत्र करतो. आबा टिपरे दोन्ही करत नाहीत. ते बघतात आणि रात्री लिहून ठेवतात. घरातल्या भांडणात त्यांना मत असतं, पण ते विचारल्याशिवाय देत नाहीत, आणि विचारल्यावरही थोडं उरवून ठेवतात. हे उरलेलं रोजनिशीत जातं. प्रेक्षकाला तेवढंच हवं असतं.

‘दुसरी गोष्ट वेळेची. रोजच्या मालिकेला रोज काहीतरी अर्धवट सोडावं लागतं, म्हणून माणसं दारात थिजून उभी राहतात. आठवड्याची मालिका आपला किस्सा त्या अर्ध्या तासात मिटवून टाकते. मधल्या सहा दिवसांत प्रेक्षकाला स्वतःचं घर असतं.’

शेवटी एक फार गोड वाक्य होतं, हसू शेजारी बसलेल्याचं असतं वगैरे. खोडलं.

७ डिसेंबर, शुक्रवार

चिरंजीव कानाशी. मी मोड्यावर. आता मी पडदा बघू की हे ऐकू अशी पंचाईत.

शिऱ्या पडद्यावर आला. कानात : “नातू म्हणतोय, बारावी माझी, सुतक घराला.”

नाना हसले.

“नातू म्हणतोय, मला इंजिनीअर व्हायचं नाही. आर्ट्सला जायचंय. पण घरात कुणाला सांगितलं नाही.”

नाना हसले नाहीत. टीव्हीकडे बोट करून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले, “मग सांग ना बापाला! इथे काय तोंड वाजवतोस!”

पडद्यावर तेव्हा शलाका होती.

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

८ डिसेंबर

रात्री जेवताना नाना : “त्या टिपऱ्यांच्या पोराला इंजिनीअर व्हायचं नाही. बापाला बोलत नाही. बाप समजूतदार वाटतो. बघू काय करतो.”

नवरा : “मालिकेत बरं असतं सगळं. फी भरायची नसते.”

चिरंजीव भात कालवत बसले. कालवलेलाच पुन्हा.

९ डिसेंबर, रविवार

सदर छापून आलं. मथळा त्यांनी बदललाय. सातशेचे साडेपाचशे केलेत.

नानांनी भिंग घेऊन वाचलं. घडी घातली. म्हणाले, “बरं लिहिलंयस. पण नीट बघत नाहीस तू. महाभारताचा विनोद गाळलास. सगळ्यांत चांगला तोच होता.”

१३ डिसेंबर

सकाळी संसदेवर हल्ला. अधिवेशन चालू असताना. संध्याकाळपर्यंत तीच तीच दृश्यं. पांढरी गाडी, धावणारे शिपाई. आज रेघांचा नियम कुणी पाळला नाही. टीव्ही रात्री उशिरापर्यंत चालू. चिरंजीवही बसले. कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही.

नाना : “काय म्हणतायत?” नवऱ्याने कानाशी जाऊन सांगितलं. शब्दन् शब्द. बराच वेळ.

१४ डिसेंबर, शुक्रवार

टिपरे लावू की नको असं झालं. नानाच म्हणाले, लाव.

चिरंजीव कानाशी बसले, पण काही बोलले नाहीत. नानांनीही विचारलं नाही. दोघांनी अर्धा तास आबांची मान बघितली.

१७ डिसेंबर

कालच्या रात्री नवरा अंधारात म्हणाला, “नानांना अजिबात ऐकू येत नाही की गं.” म्हटलं, “हो.” म्हणाला, “केव्हापासून?” मी गप्प.

आज कान-नाक-घसावाल्यांकडे. नाना यायला तयार नव्हते, मळ काढायला जातोय असं सांगून नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की बोट वर. नाना मन लावून बसले. पुष्कळदा बोट वर केलं. आवाज नसतानाही.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या सुरांना रेघ बरी. वरच्या सुरांकडे जाताना उतरत उतरत तळाला. वयाचं आहे, म्हणाले. आधी बारीक, उंच आवाज जातात. पक्षी, शिट्टी, दाराची घंटा. आणि बोलण्यातले स, श, त, फ. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. म्हणून माणसाला कुणी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. मोठ्याने बोललं तर जे ऐकू येतं तेच आणखी मोठं होतं.

नाना बाहेर येऊन म्हणाले, “काय म्हणाला तो?”

“मशीन घ्या म्हणाला.”

“कशाला? मला शुक्रवारचं सगळं ऐकू येतं.”

२१ डिसेंबर, शुक्रवार

नवरा आज मुद्दाम लवकरची गाडी पकडून आला. टिपरे बघायला. नानांची उजवी बाजू चिरंजीवांची, डावी माझी. त्याला स्टूल.

अर्धा तास बघून म्हणाला, “यात इंजिनीअरिंगचं कुठे काय आहे?”

नाना : “तुला ऐकू येत नाही.”

चिरंजीव पाणी प्यायला गेले ते पाणीच पीत राहिले.

२२ डिसेंबर

नवरा काहीच बोललेला नाही. ऑफिसला सुट्टी, तरी घरातलं फुगलेलं दार रंध्याने तासत बसला होता. दार आता लागतं.

लागतं, पण दुपारनंतर ते उघडंच आहे.

२८ डिसेंबर, शुक्रवार

नणंदेकडे नाताळच्या सुट्टीत सगळे. तिथे त्या वेळी ‘टिपरे’ लावायला कुणी तयार नाही. ई टीव्हीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झालंय, त्याचीच चर्चा. रोहिणी हट्टंगडी. नणंद म्हणाली, “बघ, यात पुढे काय होतं ते कळत नाही.”

नाना रुसले. जेवले नाहीत नीट.

१ जानेवारी २००२

बँकेच्या दोन डायऱ्या आल्या. एक मी घेतली. दुसरी नानांना दिली. त्यांनी ती दुधाच्या हिशेबाला लावली.

४ जानेवारी, शुक्रवार

शुभांगी गोखले. आज फक्त तिच्याकडे बघायचं ठरवलं होतं. सून असून बिचारी नाही, चलाख नाही, देवी नाही. तिला कंटाळा येतो आणि तो दिसतो. आपल्या पडद्यावर सुनेला कंटाळा यायची मुभा केव्हा होती? ‘प्रपंच’मध्ये थोडी होती. यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

उजवीकडून ऐकू आलं : “सून म्हणतेय, मला सगळं ठाऊक आहे, पण मी वहीत बघते.”

कार्टं.

११ जानेवारी

मशीन आलं. कानामागे बसणारं, नळी आणि कानात साचा. शर्टाच्या गुंडीहून लहान बॅटरी. नानांनी ती पहिल्यांदा कॉटखाली पाडली. सगळे रांगत होतो.

शुक्रवार होता. पण मशीन घालून लगेच टीव्ही नको, असं सांगितलंय. आधी घरातले आवाज. मग रस्त्यावरचे. सवय होऊ द्या.

नाना : “हे घर एवढं आवाज करतं?”

१४ जानेवारी, संक्रांत

प्लॅस्टिकची पिशवी कुणी हातात घेतली की नाना दचकतात. पंख्याचा आवाज त्यांना नवा. माझ्या बांगड्यांचाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा खुर्चीतून उठले. हातांनी खुर्ची चाचपून, मग.

चिरंजीवांचा आवाज ऐकून म्हणाले, “याचा आवाज केव्हा फुटला?”

हे सगळे हसण्यावारी नेतायत. मी नेलं नाही. तीन वर्षं झाली फुटून.

१८ जानेवारी, शुक्रवार

मशीन घालून नाना टिपरे बघायला बसले. पहिल्यांदाच मागे, नीट टेकून, सगळ्यांसारखे. रेघा पाच. चिरंजीवांना म्हणाले, “तू जा अभ्यासाला. येतंय मला.”

चिरंजीव गेले. दार उघडं.

नानांनी पूर्ण भाग ऐकला. प्रत्येक शब्द. मधून मधून बारीक हसले. आबा रोजनिशी लिहायला बसले तेव्हा मात्र पुढे झुकून ऐकलं.

संपल्यावर बराच वेळ गप्प. मग : “चांगलं आहे. पण लेखक बदलला वाटतं.”

मी म्हटलं, “नाही, नाना. तेच आहेत.”

“छे. पूर्वीचा जास्त तिखट होता.”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज. नानांनी तिकडे खांद्यांसकट वळून पाहिलं.

१९ जानेवारी

नानांना कळलंय का?

कट्ट्यावरून आले ते वकिलांबद्दल काही बोलले नाहीत. वकिलांचं ऐकणं सुधारलं का, विचारलं. “त्यांचं बरं आहे,” म्हणाले. आणि पेपर उघडला.

२५ जानेवारी, शुक्रवार

टिपरे सुरू व्हायच्या आधी नानांनी मशीन काढलं. डबीत ठेवलं. डबी उशीखाली. खुर्ची काचेपाशी ओढली.

आत हाक : “अरे, ये. बॅटरी संपली.”

बॅटरी परवा बदललेली.

चिरंजीव आले. उजव्या हातावर टेकले. आज सूर जरा दबका. एक-दोन विनोद चांगले होते, एक फुकट गेला. मग शिऱ्या आला. चिरंजीव थांबले. पडद्यावर तो बोलत होता, इथे कानात काहीच नाही.

नाना हळूच : “वाक्य गाळलंस.”

तरी तो गप्प.

नाना : “देऊ का मी?”

१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रात्यक्षिकं तोंडावर. चिरंजीव आज खोलीबाहेर आले नाहीत. जर्नल पूर्ण करायचंय. नानांची बॅटरी पुन्हा संपलेली. दोनदा हाक मारली. मग नवरा उठला आणि उजव्या हातावर जाऊन टेकला. नव्वद किलोचा माणूस. खुर्ची करकरली.

सुरुवातीला जे होतं तेच सांगत होता. सपाट, बातम्या दिल्यासारखं. नानांचा चेहरा कंटाळलेला. “तुला सांगता येत नाही,” म्हणाले.

नवऱ्याने आतल्या दाराकडे पाहिलं. पडद्यावर श्यामला आणि शलाका बोलत होत्या. शेखर त्या प्रसंगात नव्हताच.

नवरा, नानांच्या कानात, पण आतल्या खोलीपर्यंत जाईल असा : “शेखर म्हणतोय, पोराला म्हणावं, आधी हे चार पेपर नीट दे. तोंड लपवून नको. मग आर्ट्सचा फॉर्म आण. सही करतो. पण शंभर वेळा विचारीन, मला कळेपर्यंत.”

नाना : “आणि आबा काय म्हणतात?”

“आबा काही म्हणत नाहीत. लिहून ठेवतात.”

“चूक,” नाना म्हणाले. “आबा म्हणतात, एवढं बोलायला दोन महिने लागले?”

आतून हसण्याचा आवाज आला. फुटलेल्या आवाजातला, नाकातून.

२ फेब्रुवारी

नाना मशीन घालून चहाला. मी पोळ्या लाटता लाटता विचारलं, “नाना, तुम्हाला केव्हा कळलं?”

“काय?”

“ते. शुक्रवारचं.”

“विंगेत बसलोय मी,” नाना म्हणाले. “नटाचं वाक्य कुठलं आणि प्रॉम्प्टरचं कुठलं, एवढं कळू नये?” मग बशीत चहा ओतला. “महाभारताचं मात्र मला खरंच वाटलं होतं.”

४ फेब्रुवारी

पुरवणीवाल्यांचा फोन. मंगळवारपर्यंत ‘चार दिवस सासूचे’. सातशे शब्द. खमंग.